पेशींखाली काय आहे, ते आधी बघ

प्रिय,

स्तनाच्या कर्करोगावर काम सुरू केलंस हे वाचून फार आनंद झाला. कोणती जनुकं तपासायची ते तू सविस्तर लिहिलं आहेस. पेशी कशावर वाढवणार, हे मात्र कुठेच नाही. माझ्या मते सुरुवात तिथून व्हायला हवी.

गाठ हाताला टणक लागते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. तो टणकपणा नुसती रोगाची खूण नाही, तो रोगाला बळही देतो. कर्करोग-संशोधक व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने २००५ साली हे फार सुंदर दाखवलं. उंदराच्या निरोगी स्तनग्रंथीचा कडकपणा सुमारे १७० पास्कल, तर गाठीचा ४००० च्या आसपास. मऊ जेलमध्ये निरोगी पेशी आतून पोकळ असे गोल गुच्छ करून शांत राहतात. जेल कडक केली की पोकळी भरते, कडा विस्कटतात, पेशी वाढत सुटतात. जनुकं तीच असतात!

पेशी तिच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन या प्रथिनांनी भोवतालच्या कोलॅजनला, म्हणजे ऊतीतल्या धाग्यांसारख्या प्रथिनाला, धरून ओढत असते. ते हललं नाही की तिच्या आतला ताण वाढतो आणि याप हे प्रथिन केंद्रकात शिरून वाढीची जनुकं चालू करतं. त्यातच लायसिल ऑक्सिडेज हे विकर कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडतं, आणि गाठ आणखी कडक होते.

प्लास्टिकची डिश तर स्तनाच्या ऊतीपेक्षा कोटीपट कडक. म्हणून पॉलिअ‍ॅक्रिलामाइडची जेल करायला शीक. त्यातले रेणू एकमेकांना जोडणारं बिस-अ‍ॅक्रिलामाइड कमी-जास्त केलं की हवा तो कडकपणा मिळतो. पण जेलचा थर फार पातळ झाला तर पेशीला त्याखालची काच जाणवते. आणि पेशींना धरायला दिलेला कोलॅजनचा लेप प्रत्येक जेलवर सारखा बसलाय का, ते दर वेळी मोज. हे मोजायचा कंटाळा केलास, तर लेपातल्या फरकाचा परिणाम तू कडकपणाच्या नावावर छापशील.

एक मात्र मनापासून सांगतो. जेलवर काहीही दिसलं तरी ‘गाठ मऊ केली की रोग हटतो’ असं कुणा रुग्णाच्या नातेवाइकांना सांगू नकोस. कोलॅजन जखडणाऱ्या अशाच एका विकराला रोखणारं सिम्टुझुमॅब हे औषध स्वादुपिंडाच्या कर्करोगात केमोथेरपीसोबत देऊन पाहिलं गेलं. रुग्णांना फायदा झाला नाही.

तुझा,
सर