दूध पुरतंय का? आधी लंगोट मोजू या

‘दूध पुरत नाही हो. पाजून खाली ठेवलं की पुन्हा रडतं. काय करू?’

गोव्यात गरोदर बायका आणि बाळंतिणींशी बोलण्याचं काम करताना हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो. बाळंतपण होऊन दोन आठवडेही झालेले नसतात. विचारणारी रडवेली असते, आणि तिच्या मागे घरातलं कुणीतरी उभं असतं. त्या मागे उभ्या माणसाशी बोलल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. एका घराचा अनुभव सांगते. त्या बाळंतिणीच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घर साखळीच्या बाजूचं. मुलीला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच झालं. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातो. बाळंतपणाची तयारी म्हणाल तर काही कमी नव्हतं. वेळच्या वेळी तपासण्या झाल्या, रक्तवाढीच्या गोळ्या न चुकता घेतल्या, डोहाळजेवण झालं. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून तयार होती आणि हॉस्पिटलची बॅग आठव्या महिन्यातच भरलेली होती. पण बाळाला पाजायचं कसं, पहिल्या तीन दिवसांत दूध किती येतं, याबद्दल नऊ महिन्यांत तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. ते आपोआप जमतं, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं.

सिझर झालं. बाळ बऱ्याच तासांनी आईजवळ आलं. दुसऱ्या रात्री ते रडू लागलं तेव्हा ‘दूध नाही, वरचं द्या’ असं सांगून डब्याचं दूध सुरू करण्यात आलं. नवव्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा दिवसातून पाच वेळा साठ-साठ मिलीलिटर डब्याचं दूध चालू होतं, तेही बाटलीने.

तिने आधी मोबाइल पुढे केला. त्यात पंपाच्या बाटलीचा फोटो होता. तळाशी निळसर पांढरं दूध, जेमतेम वीस मिलीच्या रेघेपर्यंत.

‘अर्ध्या तासात एवढंच आलं,’ ती म्हणाली. ‘मी आई म्हणून नापास झाले.’

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘ताई, आमच्या बायचं दूध पातळ आहे, पाण्यासारखं. बाळाचं पोट कसं भरणार? तिन्हीसांज झाली की नुसतं रडतं ते.’

मी विचारलं, ‘बाळ दिवसातून किती वेळा शू करतं?’

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. ऑगस्ट महिना होता. बाहेर पाऊस थांबायला तयार नव्हता आणि लंगोट दोन-दोन दिवस वाळत नव्हते, म्हणून चोवीस तास डायपर होता. डायपर भरला की बदलायचा. त्यात शू किती वेळा झाली हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्या एका खुणेवरून दूध पोटात जातंय की नाही ते कळतं, नेमकी तीच खूण पावसाने झाकून ठेवली होती.

बाळ रडलं म्हणजे भुकेलं, हे खरं धरून चालता येत नाही. तान्हं बाळ झोप आली, पोटात वायू धरला, उकडलं, नुसतं कुशीत हवं असलं तरी रडतं. संध्याकाळी तर बहुतेक बाळं जास्त रडतात आणि तासातासाने, कधी त्याहून लवकर प्यायला मागतात. हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जातं आणि मग हळूहळू उतरतं. पंपावरूनही काही ठरत नाही. बाळ तोंडाने जितकं ओढून घेतं तितकं पंपाला मिळेलच असं नाही, आणि घाबरलेल्या बाईला तर पान्हाच नीट फुटत नाही. छाती भरलेली लागत नाही, हाही पुरावा नव्हे.

पुरावा लंगोटात आणि वजनकाट्यावर असतो. पहिल्या दिवशी एखादी शू, दुसऱ्या दिवशी दोन, अशी वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा, फिकट रंगाची शू व्हायला हवी. शी पहिल्या दिवशी डांबरासारखी काळी, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. जन्मानंतर पहिले काही दिवस वजन थोडं उतरतं, ते स्वाभाविक आहे. दहा टक्क्यांपर्यंत गेलं तर मात्र डॉक्टरांनी लगेच बघायला हवं. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यावं आणि पुढे रोज साधारण वीस ते तीस ग्रॅम भर पडावी.

या बाळाचं जन्माचं वजन २,९५० ग्रॅम होतं, घरी सोडताना २,७४० आणि त्या दिवशी माझ्यासमोर २,७८०. म्हणजे घसरण थांबली होती, चढ सुरू झाला होता, पण सावकाश. ‘सगळं ठीक आहे, डबा आजच बंद करा’ असं म्हणण्याजोगी ही परिस्थिती नव्हती. असं छातीठोकपणे सांगणारे सल्ले मी ऐकले आहेत आणि ते मला धोकादायक वाटतात. उपाशी बाळावर तत्त्वाचे प्रयोग करू नयेत.

तिला पाजायला सांगितलं आणि बघत बसले. टाक्यांवर भार नको म्हणून ती अर्धवट मागे रेललेली, बाळ मांडीवर उताणं, मान तेवढी वळवलेली. तोंडात फक्त बोंड. बाळ चुटूचुटू चोखत होतं, गिळण्याचा आवाज नाही, दोन मिनिटांत डोळे मिटले. तिचं बोंड चिरलं होतं. दर वेळी ती दात आवळून पाजत होती आणि ते तिने घरात कुणाला सांगितलंही नव्हतं.

मग उशी काखेखाली घेतली. बाळाचे पाय तिच्या पाठीकडे, पोट तिच्या अंगाला टेकलेलं, डोकं तळहातावर. सिझर झालेल्या बाईला हे सोपं जातं, टाक्यांना धक्का लागत नाही. बाळाच्या वरच्या ओठाला बोंड लावलं आणि थांबलो. घाई करायची नाही. त्याने जांभईसारखं मोठं तोंड उघडलं तेव्हा बाळाला स्तनाकडे आणलं. स्तन बाळाकडे न्यायचा नाही. आता बोंडाभोवतीचा काळा भागही बराच आत गेला, हनुवटी टेकली, खालचा ओठ बाहेर वळला. मिनिटभराने चोखण्याची लय बदलली आणि गिळल्याचा आवाज स्पष्ट येऊ लागला.

‘दुखत नाहीये,’ ती म्हणाली. सासूबाई वाकून ऐकत होत्या.

त्या दोघींना मी दुधाचं गणित समजावून सांगितलं. दूध जितकं ओढलं जातं तितकं बनतं. बाटलीतले साठ मिली पोटात गेले की बाळ तीन-चार तास झोपतं, तेवढा वेळ स्तन भरलेला राहतो आणि शरीराला निरोप जातो की मागणी कमी आहे. मग दूध खरोखरच कमी होतं, आणि ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणायला घर मोकळं होतं. पहिल्या एक-दोन दिवसांत तर बाळ एका वेळी अगदी थोडंसंच पितं. तेव्हा येणारा दाट पिवळा चीक थोडासाच असतो आणि तेवढाच पुरतो. पांढरं दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सिझरनंतर कधी एखादा दिवस उशिराने. दुसऱ्या रात्रीच ‘दूध नाही’ असा निकाल द्यायचा प्रश्नच येत नाही. आणि पातळपणा? पाजायला सुरुवात केली की आधी येणारं दूध पातळ, निळसरच असतं. पुढे त्यात स्निग्धांश वाढत जातो. आईच्या दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असतं, म्हणून तर सहा महिने बाळाला वरून पाण्याची गरज पडत नाही, मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘माझंही दूध पातळ म्हणून सांगितलं होतं. सासूने. दुसऱ्याच दिवशी डबा आणला. महिन्याभरात माझं आटलं.’ त्या डब्यावरचं गुटगुटीत बाळ त्यांना अजून आठवत होतं. त्या काळी अशी चित्रं असायची. डब्यावर बाळाचं चित्र छापायला पुढे १९९२च्या कायद्याने बंदी आली. तीस-बत्तीस वर्षं त्या बाईने आपल्या अंगात काहीतरी कमी होतं असं मानलं होतं, आणि आता तीच भीती सुनेच्या बाबतीत बोलत होती. तिथे मला सुनेइतकंच सासूजवळ थांबावंसं वाटलं. मी म्हटलं, ‘काकी, तुमचं दूध पातळ नव्हतं. तुम्हाला पाजायला कुणी मदत केली नाही.’ त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

‘सासू जुनाट’ म्हणून या बायकांना बाजूला सारू नये, असं मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगते. बाळंतिणीला पेज कोण देणार, रात्री बाळ कोण घेणार? त्याच ना.

पुढची आखणी बालरोगतज्ज्ञांना विचारून केली. दर दोन-तीन तासांनी, दिवसाला आठ ते बारा वेळा, आधी अंगावर पाजायचं. रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. डब्याचं दूध एकदम तोडायचं नाही, पण ते अंगावर पाजल्यानंतर आणि बाटलीऐवजी बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने द्यायचं. सासूबाईंनी माळ्यावरून चांदीचं जुनं बोंडलं काढलं. ते उकळून घ्यायचं, हे मात्र पुन्हापुन्हा सांगावं लागलं. वजन जसं वाढेल तसं डब्याचं प्रमाण उतरवत न्यायचं. दिवसातून दोनदा बाळाला नुसत्या डायपरवर आईच्या उघड्या छातीवर घ्यायचं, वरून दुपटं.

शू मोजायचं काम नवऱ्याकडे दिलं. कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हातात धरायला लावला. एवढा जड लागला की एक चांगली शू समजायची. शिवाय डायपरच्या आत सुती फडक्याचा तुकडा ठेवायचा, म्हणजे ओल लगेच दिसते. त्याने मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या, रात्रपाळीहून आल्यावर झोपायच्या आधी हिशेब बघायचा. बाळाच्या बापाला ‘काय मदत करू’ असं मोघम विचारत ठेवण्यापेक्षा हे बरं.

खाण्याबद्दल सासूबाईंचे नियम कडक होते. पाणी कमी, मासे बंद. मी त्यांना तहान लागेल तेवढं पाणी आणि नीट शिजलेली माशांची आमटी द्यायला सांगितलं. त्या ताकदीची बाळंतिणीला गरज असते. उकड्या तांदळाची पेज, मेथी, अळिवाची खीर हे सगळं चालू राहू दे. त्याने अंगात ताकद येते, मनाला बरं वाटतं. फक्त बाळ नीट ओढत नसेल तर कुठलीही खीर दूध वाढवू शकत नाही. बाळाला मात्र मध, घुटी, साखरपाणी काही नाही. मध तर वर्षापर्यंत नकोच.

बाराव्या दिवशी बारसं होतं. येणारी प्रत्येक बाई पाळण्याआधी बाळंतिणीकडे वळून ‘दूध आहे ना गो?’ विचारते. मायेने विचारते, हे मला कळतं. पण हा प्रश्न विचारूच नये असं मला मनापासून वाटतं. ज्या मुलीचा धीर आधीच सुटलेला असतो, तिला त्यात संशयच ऐकू येतो. त्या दिवशी सासूबाईंनी दारातच सांगितलं, ‘बाय पाजतेय, नंतर भेटा.’

तेराव्या दिवशी वजन २,९०० झालं. तिसऱ्या आठवड्यात डब्याचं दूध दोन वेळांवर आलं आणि महिना भरायच्या आत सुटलं. मधे दोन रात्री फार वाईट गेल्या. बाळ सारखं प्यायला मागत होतं आणि तिने रडत मला फोन केला. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बाळाची भूक अशी अचानक वाढते. तेव्हा डबा न वाढवता पाजणं वाढवायचं. तिने वाढवलं.

प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही. थायरॉइडचा त्रास, प्रसूतीत फार रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, स्तनांची आधी झालेली शस्त्रक्रिया, अशा कारणांनी काहींना दूध खरंच कमी येतं. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावं आणि मान खाली घालू नये. बाळ सुस्त पडलं, प्यायला उठतच नाही, आठ-दहा तासांत शू नाही, ताप आला, अंग गार पडलं, कावीळ तळहात-तळपायांपर्यंत उतरली, तर समुपदेशकाला फोन करत बसू नका. थेट दवाखाना गाठा. आणि आईचं रडू दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, बाळ झोपल्यावरही तिला झोप येत नसेल, किंवा स्वतःला वा बाळाला काही करावं असे विचार येत असतील, तर तो दुधाचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा, तिला एकटीला सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं.

त्या घरातली धाकटी जाऊ आता आठव्या महिन्यात आहे. तिला घेऊन सासूबाईच आल्या. बोंडं आत वळलेली नाहीत ना ते तपासून घ्या आणि थायरॉइडचा रिपोर्ट जपून ठेवा, असं सांगितलं. मग हॉस्पिटलला आधीच विचारायचे प्रश्न लिहून दिले: सिझर झालं तरी पहिल्या तासात बाळ छातीशी द्याल का? बाळ आईजवळच ठेवाल ना? वरचं दूध द्यायची वेळ आली तर कारण सांगाल का? सासूबाईंनी कागद घडी करून बटव्यात ठेवला आणि विचारायला आपणच जाणार म्हणाल्या.