गव्हर्नरांची हवामानविषयक भूमिका कशी जोखावी?

प्रश्न : अमेरिकेतील गव्हर्नरांची हवामानबदलाविषयीची खरी भूमिका कशी ओळखावी? आपल्या राज्यपालांनाही तोच निकष लावावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : भाषणापेक्षा सही पाहावी. कॅलिफोर्नियाचे तत्कालीन गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी २०४५ पर्यंत संपूर्ण वीज कार्बनमुक्त करण्याच्या कायद्यावर २०१८ मध्ये सही केली. मात्र त्यांच्याच कारकिर्दीत तेलविहिरींना परवाने मिळत राहिल्याने पर्यावरणवाद्यांनी त्यांना धारेवर धरले, आणि ती टीका आम्हांला रास्त वाटते. उलट टेक्सास हे तेलाचे राज्य असूनही, गव्हर्नर असताना जॉर्ज बुश यांनी १९९९ मध्ये सही केलेल्या वीज कायद्यात अक्षय ऊर्जेचे उद्दिष्ट बंधनकारक होते, आणि आज पवनविजेत ते राज्य देशात पहिले आहे. (श्रेय जोरदार वाऱ्यालाही द्यावेच लागेल.)

आपले राज्यपाल निवडून येत नाहीत. घटनेच्या कलम १६३ नुसार ते सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. म्हणून जाब मुख्यमंत्र्यांना विचारावा. सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या १३२० मेगावॉटच्या कोळशावरील वीजकेंद्राबद्दल विचारायचे असल्यास मात्र, ते एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीचे असल्याने, पत्र दिल्लीलाच धाडावे लागेल.