साताऱ्यात नवीन फ्लॅटच्या १० बाय १५ हॉलसाठी ५५ इंची टीव्ही घ्यावा की ६५ इंची? ओएलईडी की क्यूएलईडी?

तुम्ही इंच विचारलेत, पॅनल विचारलंत, बजेट ऐंशी हजार सांगितलंत. पण मी लिहायला बसलो ते तुम्ही शेवटी जाता जाता टाकलेल्या ओळीमुळे: इंटेरियरवाले टीव्हीचा पॉइंट साडेपाच फुटांवर काढतायत आणि आई-वडील सोबत राहणार आहेत. आधी तो पॉइंट थांबवा. प्लास्टर झालं नसेल तर आजच फोन करा. टीव्ही पुढच्या महिन्यात ठरवला तरी काही बिघडत नाही.

मी सांगलीत वायरिंगची कामं घेतो. विश्रामबागेत, शंभर फुटीला, मिरज रोडला, जिथे जाईन तिथे टीव्हीचा पॉइंट पाच-साडेपाच फुटांवर. का, तर खाली युनिट येणार आणि टीव्ही त्याच्या वर शोभून दिसणार. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतो. टीव्हीचा मध्य तिथेच हवा, फार तर चार-सहा इंच वर. ५५ इंची टीव्ही उंचीला सव्वादोन फूट असतो, म्हणजे त्याची खालची कड अडीच फुटांच्या आसपास आली पाहिजे. हे मी गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा निम्मे लोक माझ्याकडे संशयानं बघतात. आमच्या घरात तर यावरून दोन वर्षं बोलाचाली झाली.

आमचं घर गावभागात. तुमच्याकडे कृष्णा माहुलीला वेण्णेला भेटते आणि पुढे निघून जाते, आमच्याकडे ती घरात शिरते. २००५ ला आमच्या सोप्यात सव्वादोन फूट पाणी होतं. त्याचा धसका घेऊन दादानं पुढे जो ३२ इंची टीव्ही आणला तो पाच फुटांवर टांगला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाला, म्हणजे सांगलीत जिथे कृष्णेची पातळी मोजतात तिथे, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आम्ही विश्रामबागेत मावशीकडे होतो. परत आलो तेव्हा सोप्याच्या भिंतीवर सहा फुटांवर चिखलाची सरळ रेघ होती आणि टीव्ही त्या रेघेच्या खाली. मी तो हुकातून काढून तिरका केला, तर खालच्या पट्टीतून गढूळ पाणी माझ्या हातांवर आलं. काचेच्या आत गाळ बसला होता, बोटानं पुसता येईना.

दिवाळीला दादानं पुण्याहून पैसे पाठवले आणि आम्ही ५५ इंची फोर के घेतला. पैसे त्याचे, म्हणून शब्दही त्याचा. तो म्हणाला, "आता खालची कड सहा फुटांवर. परत बुडायला नको." मी म्हणालो, "दादा, आई रोज संध्याकाळी तीन तास बघते. तिनं छताकडे बघत बसायचं का?" त्यानं ऐकलं नाही. भिंत जुन्या वाड्याची, माती-विटांची, तिच्यात साधा फास्टनर धरत नाही. मी आरपार बोल्ट घेतले, मागच्या खोलीतून पट्टी लावली, आणि टीव्ही सहा फुटांवर चढवला.

आठ दिवसांत आई म्हणाली, "माणसांचे चेहरे धुतल्यासारखे दिसतात रे." मला कारण लगेच कळलं. एलईडी टीव्हीच्या पॅनलचे ढोबळ दोन प्रकार, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा काळा रंग गडद, समोरून चित्र देखणं, पण खालून किंवा कडेनं बघितलं की रंग उडतात. आयपीएसचा काळा थोडा राखाडी, पण कोपऱ्यात बसलेल्यालाही चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. आमचा व्हीए होता, आणि आई दिवाणावर, बरोबर त्याच्या पोटाखाली. दुकानात आम्ही तो उभं राहून, समोरासमोर, आठ फुटांवरून बघितला होता. दादा म्हणाला टिल्टचं, म्हणजे टीव्ही खाली झुकवणारं, ब्रॅकेट लाव. लावलं. चेहरे सुधारले. मान कुठली सुधारणार? उन्हाळ्यापर्यंत आई टीव्ही लावायची आणि डोळे मिटून नुसता ऐकायची.

मग २०२१ चा जुलै. कोयनेकडे पाऊस, वरून विसर्ग, आणि गावभागात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, पुलाला किती झालं? रात्री पाणी गल्लीत आलं तशी वीज बंद केली. दादा पुण्यात. घरात मी, आई आणि शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा. सहा फुटांवरचा पंधरा किलोचा टीव्ही उतरवायचा म्हणजे दोघं दोन स्टुलांवर. आधी खालचे लॉकिंग स्क्रू काढायचे, मग दोघांनी एकाच वेळी वर उचलून हुकातून सोडवायचा. वायरी मागे आखूड ठेवलेल्या, त्यामुळे तो भिंतीपासून वीतभरही पुढे येईना. आई खाली टॉर्च धरून उभी, तिचा हात थरथरत होता आणि उजेड भिंतभर हलत होता. पाऊण तास गेला. उतरवला तेव्हा अंगणात पाणी होतं. गोधडीत गुंडाळून, उभाच धरून, जिन्यानं माडीवर नेला. जिना अरुंद, मध्ये वळण. ५५ इंची चार फूट रुंद असतो, तो कसाबसा वळला. ६५ इंची पावणेपाच फूट रुंद, तो त्या वळणातून गेलाच नसता.

त्या वर्षी पुलाला पाणी ५५ फुटांच्या आसपास थांबलं, आमच्या सोप्यात साडेतीन फूट. चिखल काढून, भिंत वाळल्यावर मी दादाला न विचारता टीव्ही अडीच फुटांवर लावला. वायरी दोन-दोन मीटर मोकळ्या ठेवल्या. आता तो जमिनीवर उभं राहून पाच मिनिटांत निघतो. आई परत डोळे उघडे ठेवून मालिका बघायला लागली.

दादा गणपतीला आला आणि म्हणाला, "बघ, पाणी साडेतीन फूटच आलं. सहावर तसाच ठेवला असतास तरी कोरडा राहिला असता." अजून प्रत्येक दिवाळीला हेच म्हणतो. तो ही साइट वाचतो, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. दादा, रात्री पाणी चढत असताना ते साडेतीनवर थांबणार की सहावर, हे कुणाला माहीत होतं? २०१९ ला पाच फुटांचा भरवसा ठेवला होता ना आपण? पूर येणार म्हटल्यावर टीव्ही काढावाच लागतो, कितीही उंच असो. मग जो काढायला सोपा, तो शहाणपणाचा. आणि पूर नसलेल्या दिवसांत त्याच्यासमोर आई बसते, तू नाहीस.

आता तुमचं. १० बाय १५ मध्ये टीव्ही पंधरा फुटी भिंतीवर लावणार असाल तर समोरच्या सोफ्यावरून डोळ्यांचं अंतर साडेआठ फूट धरा. टीव्हीचं इंचातलं माप साधारण १.६ नं गुणलं की बसायचं अंतर इंचात मिळतं. ५५ ला सव्वासात फूट, ६५ ला पावणेनऊच्या आत. म्हणजे खोलीच्या हिशेबानं तुमच्याकडे ६५ बसतो. पण घरात चित्र कुठून येतं ते मला तुमच्या प्रश्नात कुठेच दिसलं नाही, आणि माझ्या मते निकाल त्यावर आहे. केबल किंवा डिशचा साधा चॅनल म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपके, चार लाखांच्या थोडे वर. फोर के पडद्यावर ८३ लाख. एका ठिपक्याचे वीस करून टीव्ही ते ताणतो. मी अशी घरं बघितलीत जिथे सत्तर हजारांच्या टीव्हीला जुना सेट टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीनं जोडलाय आणि घरचे म्हणतायत टीव्हीच खराब लागला. बॉक्स एचडी घ्या, पॅक एचडी घ्या, वायर एचडीएमआय घ्या. हे करणार नसाल आणि वडील दिवसभर साधे चॅनल बघणार असतील, तर ५५ च घ्या. ६५ वर ते चित्र आणखी फाटेल.

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा खरोखर काळा आणि कडेनं बघितलं तरी रंग टिकतात. क्यूएलईडी हा नावानं त्याचा भाऊ वाटतो, पण तो एलईडीच, मागे दिवे असलेला, वर रंग सुधारणारा थर. ऐंशी हजारांत ओएलईडीच्या मागे लागू नका. घरात मराठी बातम्या दिवसभर चालत असतील तर मुळीच नको, कारण चॅनलचा लोगो आणि खालची ब्रेकिंगची पट्टी तासन् तास एकाच जागी राहते आणि ओएलईडीवर तिचा डाग कायमचा उमटू शकतो. चांगला एलईडी किंवा क्यूएलईडी घ्या, आणि दुकानात तो स्टुलावर बसून, कडेनं बघा. तिथे व्हिविड, म्हणजे भडक रंगांचा, मोड लावलेला असतो, सेल्समनला स्टँडर्ड किंवा सिनेमा मोड लावायला सांगा आणि साधा बातम्यांचा चॅनल मागा. दुकानातल्या निसर्गाच्या क्लिपवर कुठलाही टीव्ही सुंदरच दिसतो.

आवाजाकडे कुणी बघत नाही. टीव्ही पातळ झाले, स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसले. वयस्कर माणसाला संवाद कळत नाहीत, तो आवाज वाढवतो, मग शेजारच्या खोलीतून ओरडा. ६५ ऐवजी ५५ घेऊन वाचलेल्या पैशांतून साउंडबार घ्या, हे माझं ठाम मत आहे. बिलावर जीएसटी बघा. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तो पूर्ण फरक किमतीत दिसला पाहिजे. घेण्याआधी त्या कंपनीचा माणूस साताऱ्यात येतो की पुण्याहून, हेही विचारा.

एक मान्य करतो. घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल, चेंडू खेळणारं, तर अडीच फुटांवरचा पडदा त्याच्या हाताशी येतो. मग फूटभर वर घ्या आणि टिल्ट द्या. बेडरूममध्ये आडवं पडून बघणार असाल तर तिथेही थोडा उंच चालतो. आणि खिडकी टीव्हीच्या बरोबर समोर असेल तर भिंतच बदला, पडद्यात दुपारभर खिडकीच दिसेल.

इंटेरियरवाल्याला सांगा, पॉइंट साडेतीन फुटांवर, टीव्हीच्या मागे झाकला जाईल असा, चार सॉकेट. तिथून खाली युनिटपर्यंत दोन इंची पाइप टाकून घ्या. एक इंचीच्या वळणात एचडीएमआयचं तोंड अडकतं, मग भिंत परत फोडावी लागते. आणि पाइप टाकण्याआधी जुनी वर्तमानपत्रं जोडून ४८ बाय २७ इंचांचा कागद करा, ६५ चा विचार असेल तर ५७ बाय ३२ चा. तो भिंतीवर चिकटवा, आई-वडिलांना जिथे बसायची सवय आहे तिथे बसवा आणि दहा मिनिटं कागदाकडे बघत गप्पा मारायला सांगा. त्यांची हनुवटी वर जायला लागली की कागद खाली घ्या.