आधी आजीला चहाला पाठव
अगं, मुलांमधल्या एचआयव्हीवर संशोधन करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. दीड वर्षाच्या आतल्या बाळाची अँटीबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून निदान करू नकोस; त्या अँटीबॉडी आईकडून आलेल्याही असू शकतात, थेट विषाणू शोधणारी पीसीआर चाचणीच लागते. हे पुस्तकातही मिळेल. पण जतहून आजीसोबत सांगलीला एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, आलेला पंधरा वर्षांचा मुलगा मी विसरले नाही. वसतिगृहात गोळ्यांची बाटली वाजू नये म्हणून त्यानं आत कापूस कोंबलेला. लपवता लपवता डोस चुकायचे, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वाढलेला. आजीसमोर तो चकार शब्द बोलला नव्हता. आणि हो, संशोधनात घ्यायला पालकांबरोबर सात वर्षांपुढच्या मुलाचीही संमती लागते. त्याआधी त्याला आजार कुणी सांगितलाय का, ते घरच्यांना बाजूला घेऊन विचार. तुझ्या संमतीच्या फॉर्मवरून त्याला ते कळता कामा नये.