दान घेणाऱ्याचा फोटो काढावा का?

प्रश्न : आमच्या मंडळीतर्फे (चर्चतर्फे) गरजू कुटुंबांना धान्य दिले जाते. वाटपाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले नाहीत, तर देणगीदारांचा विश्वास राहणार नाही, असे काही सभासद म्हणतात. पवित्र शास्त्र याविषयी काय सांगते?

उत्तर : देणगीदारांची अपेक्षा चुकीची नाही. यरुशलेमेतील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौलाने मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू सोबत घेतला, कारण हा व्यवहार देवासमोर तसाच माणसांसमोरही चोख असावा, असा त्याचा आग्रह होता (२ करिंथ ८:१९-२१). तेव्हा जमाखर्च तपासून तो फलकावर अवश्य लावा. मात्र घेणाऱ्यांची नावे आणि चेहरे त्यात येऊ देऊ नका. दानधर्म गुप्तपणे करावा, ही प्रभूची शिकवण (मत्तय ६:२-४) स्पष्ट आहे.

याबाबतीत रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय मला फार मोलाचा वाटतो. शेताच्या कडेचे पीक आणि कापणीनंतर पडून राहिलेली कणसे, म्हणजे सरवा, गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावा, असे नियमशास्त्र सांगतेच (लेवीय १९:९-१०). पण रूथ ज्याच्या शेतात सरवा वेचायला गेली, तो शेतमालक बवाज त्याच्याही पुढे जाऊन, पेंढ्यांतून मुद्दाम कणसे गळू द्यावीत आणि ती वेचणाऱ्या रूथला कोणी धमकावू नये, अशी ताकीद आपल्या गड्यांना देतो. त्या परदेशी विधवेला धान्य मिळाले, आणि तिला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. आपल्याकडेही दोन विश्वासू सभासदांनी संध्याकाळी घरी जाऊन धान्य पोहोचवावे. ज्यांना शक्य आहे त्यांना मंडळीतच मोबदल्याचे काम द्यावे.