पिशवी काढली की कॅन्सरची भीती जाते का?

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडू लागतात, तेव्हा बीड जिल्ह्यातील आमच्या ग्रामीण रुग्णालयात बायकांची गर्दी वाढते. त्या गर्दीत कौसाबाई (नाव बदलले आहे) थोरल्या जावेला घेऊन आल्या. वय ३६. पदराच्या गाठीतून त्यांनी एका खाजगी दवाखान्याची चिठ्ठी काढली.

"अंगावरून पांढरं जायलंय मॅडम. ते म्हणले, पिशवीला सूज हाय, आज ना उद्या कॅन्सर व्हईल. मुकादमाची उचल आलीय, त्यातच पिशवी काढून टाकते."

ही भीती माझ्यासमोर वारंवार येते. ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाची पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तरी ती ओसरलेली नाही. पांढरे जाणे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाने होते आणि ते गोळ्यांनी बरे होते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर मात्र एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहिल्याने होतो. बहुतेक बायकांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप जातो, आणि जिच्यात टिकतो तिच्यातही कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणजे तो वेळीच गाठायला भरपूर अवधी असतो. शिवाय कॅन्सर खरोखरच झालेला असेल, तर तपासणी न करता केलेली साधी पिशवीची शस्त्रक्रिया हा त्यावरचा पुरेसा उपचार नव्हेच, ही गोष्ट मी त्यांना दोनदा सांगितली.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला होता. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. आपल्याच भागातल्या बायका म्हटल्यावर कौसाबाई सावरून बसल्या.

"पर आत काय घालत्यात?" खरी अडचण ही होती. मी तपासणीचे उपकरण त्यांच्या हातात दिले. त्यांनी त्याचा स्क्रू फिरवून पाहिला, थंडगार धातूवर बोट टेकवले आणि मग "बरं" म्हणाल्या. आमच्याकडे सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून तपासणी होते. त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, आणि मिनिटभरात दोष असलेला भाग पांढरा दिसू लागतो. तिशीनंतर दर पाच वर्षांनी ती सरकारी रुग्णालयात करून घेता येते.

कौसाबाईंच्या तपासणीत लहानसा पांढरा डाग दिसला आणि त्यांचा चेहरा उतरला. हा कॅन्सर नव्हे, त्याच्या कितीतरी आधीची पायरी असू शकते, हे मी हात धरून समजावले. जिल्हा रुग्णालयात दुर्बिणीतून खात्री करून डॉक्टरांनी तेवढाच भाग उष्णतेने नष्ट केला. काही मिनिटांचे काम. त्या दिवशीच त्या घरी परतल्या. चार आठवडे संबंध टाळायचे, हे त्यांच्या मालकांना मी स्वतः फोनवर सांगितले आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

वर्षाने पुन्हा तपासणी आहे. ती तारीख कौसाबाईंनी त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून घेतली. जावेने मात्र "पट्टा पडल्यावर येते", म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, म्हणून तपासणी टाळली. तिचे नाव मी वहीत वेगळे लिहून ठेवले आहे. टोळी परतली की आशाताईंना तिच्या घरी पाठवणार आहे.