गेटवरची पाटी आणि मस्टरमधली गळती

पत्र, थोडक्यात: मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. मुलगी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमआयडीसीतल्या कारखान्यांत किती जागा रिकाम्या आहेत आणि किती माणसं सोडून जातात, याचा सर्व्हे प्रोजेक्ट म्हणून करायचं तिनं डोक्यात घेतलंय. आमच्या गेटवर ‘पाहिजेत’ची पाटी वर्षभर असते, त्यात मोजायचं काय? शिवाय पोरीला गेटवरनंच परत पाठवतील. त्यापेक्षा तिनं बँकेची परीक्षा द्यावी असं माझं मत. तुम्ही काय म्हणता? (एक पालक, कोल्हापूर)

नमस्कार.

पाटी वर्षभर असते, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण तुमच्या मुलीचा विषय तिथंच आहे. वर्षभर लटकणाऱ्या पाटीमागं दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एका कारखान्यात व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटरच्या तीन जागा आहेत आणि जमणारा माणूसच मिळत नाही. शेजारच्या कारखान्यात फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, दर महिन्याला तिघं लागतात आणि तिघं निघून जातात. रस्त्यावरून दोन्ही पाट्या सारख्याच दिसतात. पहिल्या ठिकाणी आयटीआयची तुकडी वाढवली तर फरक पडेल. दुसऱ्या ठिकाणी शंभर पोरं शिकवून आणली तरी पाटी उतरायची नाही, कारण तिथं धूळ, पाळ्या आणि पगार यांचा प्रश्न आहे. तालमीत आज किती पोरं आली यावरून वस्ताद कधी खूश होत नाही, दिवाळीनंतर किती टिकली ते तो बघतो. म्हणून रिकाम्या जागा आणि गळती एकाच फॉर्मवर, एकाच कारखान्याला विचारायला हवी. मुलीच्या मनात हेच असेल तर विषय चांगला आहे.

जगात हे काम पद्धतशीर चालतं. अमेरिकेचा कामगार सांख्यिकी विभाग डिसेंबर २००० पासून दर महिन्याला सुमारे २१ हजार आस्थापनांना रिकाम्या जागा, नवी भरती आणि सोडून गेलेली माणसं विचारतो. रिकामी जागा कशाला म्हणायचं याच्या तिथं तीन अटी आहेत: काम प्रत्यक्ष हजर हवं, माणूस मिळाला तर ३० दिवसांत सुरू करता यायला हवं, आणि मालक बाहेरून माणूस शोधत असायला हवा. या अटी तुमच्या गेटवरच्या पाटीला लावून बघा. ‘ऑर्डर आली तर बघू’ म्हणून लावलेली पाटी लगेच बाद होते. आतल्याच हेल्परला बढती देऊन भरायची जागाही बाद.

आता हिशेब. रिकाम्या जागा महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी मोजतात, त्या एका दिवसापुरत्या. भरती आणि गळती मात्र अख्ख्या महिन्याची मोजतात. विद्यार्थी हमखास इथं गोंधळ घालतात आणि महिनाभरात ‘निघालेल्या’ जागांची बेरीज करून बसतात. समजा, महिन्याच्या सुरुवातीला हजेरीपटावर १२० माणसं, ९ नवी आली, ११ गेली. महिन्याअखेरीस ११८ उरायला हवीत. मालकानं १२५ सांगितली तर फॉर्म परत घेऊन जायचा, कुठंतरी चुकलंय. जागा ६ रिकाम्या असतील तर ६ भागिले १२४, म्हणजे सुमारे ४.८ टक्के, भागताना कामावरची माणसं आणि रिकाम्या जागा दोन्ही धरतात. गळती मात्र ११ भागिले सरासरी ११९, म्हणजे महिन्याला ९ टक्क्यांच्या वर. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. पण असा कारखाना सापडला, तर मालक ‘माणूस मिळत नाही’ म्हणत असला तरी त्याची खरी अडचण माणूस टिकत नाही ही आहे, एवढं त्या दोन टक्केवाऱ्यांवरून कळतं.

आता कोल्हापूरची अडचण. फाउंड्रीत मालकाच्या मस्टरवर चाळीस आणि ठेकेदाराच्या मस्टरवर त्याच्या कितीतरी पट, हे मी तुम्हाला काय सांगावं! अमेरिकेच्या पाहणीत एजन्सीचा माणूस एजन्सीच्या खात्यावर मोजतात. इथं तसं केलं तर मूळ कारखान्याची गळती कागदावर जवळजवळ दिसणारच नाही. म्हणून तिनं प्रत्येक प्रश्नाला दोन ओळी ठेवाव्यात, कंपनीची माणसं आणि ठेक्याची माणसं. ठेकेदाराचा आकडा मिळाला नाही तर ती ओळ कोरी ठेवावी, अंदाजानं भरू नये.

दुसरी अडचण गावी गेलेल्यांची. छठपूजेला बिहारला गेलेला माणूस परत येणार की नाही, हे मालकालाही माहीत नसतं. नाव कधी कापायचं याची प्रत्येकाची रीत वेगळी. तिनं एकच दिवसमर्यादा ठरवून सगळ्यांना ती लावावी. आणि ‘स्वतः सोडून गेला’ या उत्तरावर फार विसंबू नये. काढून टाकलेल्यांचाही राजीनामाच लिहून घेतलेला असतो, हे तुम्ही आतून पाहिलं असेल.

नमुना कसा घ्यायचा ते तिला येत असेलच. माझं म्हणणं फक्त एवढंच, की गोशिमा किंवा स्मॅक या कारखानदार संघटनांच्या सभासद यादीवर थांबू नये. संघटनेत नसलेली, उद्यमनगरातली चार-सहा माणसांची वर्कशॉप्स त्या यादीत येत नाहीत. मोठे कारखाने सगळे घ्यावेत, लहानांतून नमुना काढावा आणि भार लावावा, म्हणजे निवडलेला एक लहान कारखाना जितक्यांच्या वतीनं बोलतो तितक्या पट मोजावा. व्हॉट्सॅपवर गुगल फॉर्म फिरवला तर ज्यांच्याकडे एचआर आहे तेच उत्तर देतील, आणि बहुतेक वेळा गळती तिथं कमी असते. हे मोह आवरण्यासाठी आवाका लहान हवा: एकच वसाहत, फाउंड्री आणि मशीनशॉप एवढेच धंदे, आणि त्याच कारखान्यांना सलग तीन महिने. एकदाच जाऊन आलेला आकडा दिवाळीच्या बोनसनंतरचा की आधीचा, एवढ्यानंच उलटापालटा होतो.

यातून नोकरी मिळेल का? ‘रिकाम्या जागा मोजणारा’ असं पद कोल्हापुरात कुणी काढत नाही, आणि प्रोजेक्ट बघून कुणी लगेच बोलावणारही नाही. पण हे काम करणारी खाती आहेत. केंद्राच्या श्रम ब्युरोनं २०२१ मध्ये दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांची रोजगार पाहणी सुरू केली. कारखानदारी, बांधकाम, व्यापार, शिक्षण, आरोग्य अशी नऊ क्षेत्रं त्यात घेतली आणि रिकाम्या जागाही विचारल्या. वार्षिक उद्योग पाहणीच्या आधारे गैरहजेरी आणि कामगार-गळतीचे अहवालही याच ब्युरोनं काढलेत. पण अमेरिकेसारखी तिन्ही गोष्टी दर महिन्याला एकत्र मोजणारी पाहणी आपल्याकडे नाही. म्हणून पीएफच्या मासिक आकड्यांवर सगळ्यांची भिस्त, आणि पीएफ मुळात वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांचा.

अशा कामात शिरायचं तर भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा आहे. यूपीएससी घेते, वय २१ ते ३०, आणि संख्याशास्त्राचेच चार पेपर प्रत्येकी २०० गुणांचे. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल या पदवीधरांच्या परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होता येतं. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, रिझर्व्ह बँकेत सांख्यिकी विभागाचे ग्रेड-बी अधिकारी घेतात. मोठ्या कंपन्यांचे एचआर विभागही गळतीचं विश्लेषण करणारी माणसं घेतात, त्यासाठी पुण्याची तयारी ठेवावी लागेल.

बँकेची परीक्षा जरूर द्यावी. पण एम.एस्सी. संख्याशास्त्र असलेल्या मुलीनं फक्त क्लार्कच्या परीक्षेवर दोन वर्षं घालवणं मला पटत नाही. नमुना पाहणीचा तिचा अभ्यास सांख्यिकी सेवेच्या पेपरात जसाच्या तसा लागतो, बँकेच्या परीक्षेत लागत नाही.

राहिला गेटचा प्रश्न. वार्षिक उद्योग पाहणीसारख्या सरकारी पाहणीला २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याचा आधार असतो, माहिती देणं बंधनकारक असतं. तुमच्या मुलीकडं तसं काही नाही, फक्त भरवसा आहे. संख्याशास्त्र अधिविभागाच्या लेटरहेडवर पत्र घ्यावं. कारखान्याचं नाव कुठंही छापणार नाही, किमान पाच कारखाने एकत्र केल्याशिवाय एकही आकडा दाखवणार नाही, हे त्यात लिहून द्यावं. प्रश्न एका पानात मावावेत. सुरुवात ईआर-१ या सरकारी विवरणापासून करावी. पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा सरकारी रोजगार विनिमय केंद्राला कळवायच्या आणि दर तिमाहीला हे विवरण भरायचं, असं १९५९ च्या कायद्यानं ठरवलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो कायदा सामावला गेला. कळवणं सक्तीचं, पण त्याच केंद्रातून माणूस घेणं सक्तीचं नाही, त्यामुळं बऱ्याच ठिकाणी तो उपचार होऊन बसला. तरी ऑफिसमधल्या क्लार्कला फॉर्म ओळखीचा असतो, बोलणं सुरू होतं.

तुमची मदत लागेल, पण जपून. तुमचा स्वतःचा कारखाना नमुन्यातून वगळावा. ओळखीच्या सुपरवायझरकडून तोंडी आकडे आणून देऊ नका, मालकाला कळलं तर त्या माणसाची नोकरी अडचणीत येईल. फॉर्ममधले शब्द मात्र तुम्हीच तपासा. ‘पृथक्करण दर’ असलं काही तिनं लिहिलं असेल तर खोडून ‘या महिन्यात किती जणांचा फुल अँड फायनल झाला आणि किती जण न सांगता यायचे बंद झाले’ असं करा. आणि तिला महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवू नका. सात तारखेपर्यंत पगार, पंधरापर्यंत पीएफचं चलन, तोवर क्लार्क मान वर करत नाही. सोळानंतर, दुपारच्या जेवणाची सुट्टी संपल्यावर जावं.